दोरी ओढण्याआधी टाकी उघडा

दोन-तीन पावसाळे पडवीत उभं राहिलेलं टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन) बाहेर काढलं की पहिली चूक ठरलेली असते: टाकी जोडायची, नळीतला पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी फुगा दाबायचा आणि दोरी ओढत सुटायचं. सुरू न होणारं मशीन फार तर खांदा दुखवतं. जुन्या पेट्रोलवर सुरू झालेलं मशीन मात्र पिस्टन खातं. (हे सगळं ८ ते १५ एचपीच्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या मशीनबद्दल आहे. केरोसीनवरच्यांचं गणित वेगळं.)

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणातल्या जुलैच्या हवेत अर्धी भरलेली, झाकणाचा व्हेंट (हवेचं भोक) उघडा राहिलेली टाकी म्हणजे त्याला मेजवानीच. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. ऑइल मात्र वर, पेट्रोलबरोबरच राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनला सगळ्यात आधी मिळतं ते बिनऑइलचं मिश्रण, आणि टू-स्ट्रोकच्या बेअरिंगला नि पिस्टनला वंगणाचा दुसरा कुठलाही मार्ग नसतो.

तपासायला काचेची बाटली पुरते. टाकी न हलवता तळातलं अर्धा लिटर उपसून बाटलीत घ्या आणि अर्धा तास उभी ठेवा. ओबीएमच्या ऑइलला बहुतेक वेळा निळा-हिरवा रंग असतो. वरचा थर रंगीत आणि खालचा जवळपास पाण्यासारखा दिसला, तर विषय संपला. थर दिसले नाहीत तरी रंग चहासारखा नि वास व्हार्निशसारखा असेल तर ते पेट्रोल टाकाऊच. त्यात ताजं मिसळून ते ‘सुधारत’ नाही. खाडीत किंवा गटारात ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये वेगळं ठेवून टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

नव्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी कळतं. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली ऑइल न घातलेलं पेट्रोल. हलवून दहा मिनिटं थांबा. पाण्याची रेघ १० वरून २५ च्या पुढे गेली तर ते ई२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या, आसपासचं. बऱ्याच ओबीएमच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर जास्तीचे पैसे मोजावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. नाहीच मिळालं तर आठवड्यात संपेल तेवढंच भरा.

टाकी धुऊन वाळवली की नळीकडे वळा. फुगा कडक किंवा चिकट झाला असेल, नळी वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर दोन्ही बदला. जोडणीतल्या छोट्या ओ-रिंगकडे कोणी बघत नाही आणि तिथूनच हवा शिरते.

आता प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली टू-स्ट्रोक ऑइल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी फ्लायव्हील (दोरीने फिरणारं वरचं जड चाक) हाताने, दोरी फिरवते त्याच दिशेने फिरवा. अडत असेल तर जोर करू नका, आणखी ऑइल आणि आणखी एक दिवस. मग प्लग बाहेरच ठेवून दोरी चार-पाच वेळा ओढा, म्हणजे जास्तीचं ऑइल निघून जाईल.

खरा वेळ कार्बोरेटरला द्यायचा. फ्लोटची वाटी (कार्बोरेटरखालची पेट्रोल साठण्याची वाटी) उघडली की तळाशी तपकिरी चिकटा किंवा ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी दिसेल. पायलट जेटचं, म्हणजे हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक अर्ध्या मिलिमीटरच्याही आतलं असतं. ते बुजलं की मशीन चोकवर सुरू होतं आणि चोक सोडला की मरतं. मुख्य जेट अर्धवट बुजलं तर त्रास जास्त, कारण मशीन हळू छान चालतं आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) सीझ होतं, म्हणजे पिस्टन जाम होतो. इथेनॉलमुळे मिश्रण आधीच थोडं पातळ झालेलं असतं, हेही लक्षात घ्या. पायलट स्क्रू काढण्यापूर्वी तो बसेपर्यंत किती फेरे घेतो ते मोजून लिहून ठेवा. रबरी भाग बाजूला काढून बाकी सगळं कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, जेटमधून पंक्चरवाल्याकडची हवा मारा. स्टीलची तार घालू नका, पितळी भोक मोठं होतं. फार तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक लड. गॅस्केट आणि इंधनपंपाचा पडदा नवाच टाका, कडक झालेला पडदा दिसायला चांगला असतो आणि पुरेसं पेट्रोल ओढत नाही.

मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी पात्यांचं चाक) न बघताच बदला. उभ्या मशीनमध्ये त्याच्या पाती वाकलेल्याच राहतात. गिअर ऑइल खालच्या स्क्रूने सोडा. दुधाळ आलं तर सील गेलंय. नवं खालून भरा, वरच्या भोकातून येईपर्यंत.

ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक ओबीएमसाठीचं. मोटरसायकलचं टू-टी चालत नाही, त्यातली राख रिंगांवर नि प्लगवर बसते. नेहमीचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. पहिल्या टाकीसाठी २५:१, म्हणजे ४० मिली, आणि तीही ५ लिटरच करा. धूर भरपूर होईल, होऊ द्या.

होडी ढकलणारा पंखा काढून मशीन पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या पिंपात लावा, पाणी अँटी-कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) वर हवं. स्पार्कच येत नसेल तर कॉइल खोलण्याआधी किल-स्विचची (मशीन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर आहे का बघा. सुरू झाल्यावर मागची पाण्याची धार लगेच दिसली पाहिजे. अर्ध्या मिनिटात नाही आली तर बंद. पाचेक मिनिटांनी फुगा चपटा होऊन मशीन गुदमरलं, तर टाकीच्या झाकणाचा व्हेंट बंद राहिलाय.

मेच्या अखेरीस परत ठेवताना गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मशीन मरू द्या, आणि तरीही वाटीचा ड्रेन स्क्रू उघडा. तळात चमचाभर पेट्रोल उरलेलं असतं, आणि पुढच्या सप्टेंबरला पायलट जेट बुजवायला तेवढं पुरतं.