सगळेच जॉर्ज

आज सुट्टी, म्हणून मेट्राने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, शिकागोच्या दक्षिणेला पुलमन वस्तीत जाऊन आले. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, जवळच घड्याळाचा मनोरा. इथे रेल्वेचे झोपायचे डबे बनायचे. त्या डब्यांत अंथरुणं घालणारे, रात्री जागून प्रवाशांचे बूट चमकवणारे पोर्टर जवळजवळ सगळे काळे. हाक मारायची तर सरसकट ‘जॉर्ज’, कारण मालक जॉर्ज पुलमन! आपल्याकडे हॉटेलातला प्रत्येक पोऱ्या ‘छोटू’ असतो ना, तसंच. वर पॉलिशची डबी पदरच्या पैशाने आणायची. पूर्ण पगारासाठी महिन्याला ४०० तास, नाहीतर ११,००० मैल.

१९२५ मध्ये या पोर्टरांनी युनियन काढली. पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ, ते स्वतः पोर्टर नव्हतेच. मला हीच चाल आवडली, कंपनी त्यांना कामावरून काढणार कशी? बाकी कित्येकांच्या नोकऱ्या मात्र गेल्या. करार झाला १९३७ मध्ये. बारा वर्षं! महिना २४० तासांवर आला.

परतताना तिकीट तपासनीसाच्या छातीवरचं नाव वाचून मुद्दाम नावानिशी थँक्यू म्हटलं. त्याने हसून माझं विचारलं. तीनदा सांगितलं, नाही जमलं बिचाऱ्याला.