छातीतील जळजळ आणि दुर्बिणीची तपासणी : माझा अनुभव

रात्री जेवून आडवे झाले की छातीच्या मधोमध जळजळ होणे, आंबट पाणी घशाशी येणे आणि पहाटे कोरड्या खोकल्याने जाग येणे हा त्रास मला बरीच वर्षे होता. कोकमाचे सरबत किंवा थंड दूध घेतले की तेवढ्यापुरते बरे वाटे. मात्र वर्गात शिकवताना आवाज बसू लागला, तेव्हा मी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला सूज आहे आणि जठरातले आम्ल तिथवर पोहोचत असावे, असे सांगून त्यांनी मला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

तिथे पोटाच्या आधी हृदयाचा आलेख काढला गेला. पन्नाशी उलटलेली आणि त्यात मधुमेह; अशा व्यक्तीला हृदयविकाराची वेदनाही केवळ जळजळ म्हणून जाणवू शकते, असे डॉक्टरांचे म्हणणे होते आणि ते मला पूर्णपणे पटले. आलेख निर्दोष आल्यावर त्यांनी घास अडकतो का, वजन घटले आहे का, शौचाला काळी होते का, हे विचारून घेतले आणि एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, ठरवली. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची चाचणी चुकू नये म्हणून पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आधी बंद करावी लागली. सगळ्या प्रक्रियेत मला जड गेले ते हेच दिवस, प्रत्यक्ष तपासणी नव्हे.

तपासणीला आदल्या रात्रीपासून उपाशी राहून जायचे होते. घशात कडवट फवारा मारल्यावर काही क्षणांतच गिळल्याची जाणीव नाहीशी झाली. मग डाव्या कुशीवर निजवून दातांमध्ये प्लास्टिकचे कडे बसवले आणि त्यातून नळी आत सरकवली. उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहिले, पण श्वास कोंडला नाही. जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा पिवळ्या द्रव्यात टाकला होता. जंतू असता तर त्याचा रंग गुलाबी झाला असता, तो पिवळाच राहिला. निदान झाले ते हायेटस हर्नियाचे, म्हणजे जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीकडे सरकल्याचे. त्यामुळे अन्ननलिकेच्या टोकाची झडप सैल पडते. माझ्या अन्ननलिकेला जखमा झाल्या होत्या, पण बॅरेट अन्ननलिका म्हणतात तो अस्तरातला बदल दिसला नाही. क्वचित त्यातून पुढे कर्करोग उद्भवतो, म्हणून अहवालातले ते वाक्य मी दोनदा वाचले.

गोळी न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची, कारण आम्ल तयार करणारे पंप जेवणाच्या वेळी जागे होतात आणि औषध तेव्हाच त्यांना बंद करते, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. उशा वाढवल्याने पोट दुमडते व दाब उलट वाढतो, म्हणून सुताराकडून सहा इंची ठोकळे करून पलंगाच्या उशाकडील पायांखाली बसवले. (चादर रात्रभर पायथ्याकडे घसरत राहते, याला इलाज सापडलेला नाही.) रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटोपणे मात्र आमच्या घरात वादाशिवाय जमले नाही.

जळजळ लवकर थांबली, आवाज सुधारायला कित्येक महिने गेले. गोळी एकदम सोडल्यास आम्ल उसळून वाढते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करणे चालू आहे. मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही घेते आणि या दोन्ही औषधांनी ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते, म्हणून त्याची तपासणी पुढच्या भेटीत होणार आहे.