एंड म्हणजे टोक

सिनेमा संपताना पडद्यावर ‘द एंड’ अशी अक्षरं यायची. या शब्दाशी आपली ओळख बहुधा तिथेच झाली आणि तेवढ्यावरच राहिली. एंड म्हणजे संपलं, उठा, चपला शोधा.

क्रिकेटचं समालोचन ऐकताना मात्र हा अर्थ काही केल्या बसत नाही. गोलंदाज ‘पॅव्हिलियन एंडकडून’ येतो, तेव्हा काहीच संपलेलं नसतं. उलट त्याची धाव तिथूनच सुरू होते. लॉर्ड्सवर समोरच्या बाजूला नर्सरी एंड आहे. तिथे खरोखरीच रोपवाटिका होती, अननस आणि ट्यूलिपसाठी नावाजलेली. १८८७ मध्ये मैदानाची मालकी असलेल्या क्लबने ती जागा विकत घेतली. अननस गेले, नाव राहिलं. बर्फावर दगड सरकवणाऱ्या कर्लिंगवाल्यांनी तर कहरच केलाय. त्यांच्याकडे एंड म्हणजे एक फेरी. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सामन्यात असे दहा एंड असतात, आणि दहा एंड होऊनही बरोबरी राहिली तर अकरावा!

मुळात एंड म्हणजे टोक, कड. आपला ‘अंत’ हा त्याचा चुलतभाऊच. दोघे एकाच प्राचीन मुळातून आलेले. अंतालाही आपण उगाच मरणाच्या दारात उभं केलंय. दिगंत म्हणजे दिशांची कड. प्रांत म्हणजेही आधी नुसती कडच होती, पुढे तिने अख्खा मुलूख गिळला. आणि ‘माझा अंत पाहू नकोस’ असं कुणी ओरडतं, तेव्हा प्रश्न प्राणाचा नसतो, सहनशक्ती कुठवर पुरेल याचा असतो.

‘बिटर एंड’ वाचूनही मला आधी कडू शेवटच दिसायचा. पण जहाजावर नांगराचा दोर ज्या खुंटांना गुंडाळतात ते ‘बिट्स’, त्यांना घातलेला दोराचा वेढा तो ‘बिटर’, आणि दोराचा जो भाग जहाजावरच राहतो तो बिटरचा एंड, असं इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ मध्येच लिहून ठेवलंय. दोर तिथवर सुटला की आणखी सोडायला काही उरत नाही. हा अर्थ मला कडूपेक्षा कितीतरी जास्त पटतो.

एंडचा ‘हेतू’ असाही अर्थ आहे, पण तो तत्त्वज्ञांना लखलाभ. बाकीच्यांना ॲपची समोर दिसणारी बाजू म्हणजे फ्रंट एंड आणि पडद्यामागची म्हणजे बॅक एंड, एवढे पुरेसे आहेत. ॲप बंद पडलं की दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे सांगतात, गडबड पलीकडच्या एंडला आहे.