आमची वाटचाल : बोटीच्या तळाखालचे काम

आमचे वर्कशॉप अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, ब्रेनर्डच्या परिसरात आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी ज्या ट्रेलरवरून तळ्यापर्यंत नेल्या-आणल्या जातात, त्या ट्रेलरचे बंक, म्हणजे बोटीच्या तळाखाली लांबीच्या दिशेने बसवलेली लाकडे, नेमक्या जागी बसवून देणे हा आज आमचा मुख्य व्यवसाय आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात उसाच्या ट्रॉल्यांच्या वेल्डिंगवर हात बसलेला माणूस या धंद्यात कसा पडला, असे भेटणारी मराठी मंडळी हमखास विचारतात. त्याचे साधे उत्तर असे की, आम्ही सुरुवात फुटलेल्या बोटींच्या दुरुस्तीपासून केली आणि त्या का फुटतात हे शोधता शोधता ट्रेलरपर्यंत पोहोचलो.

या राज्यात दहा एकरांहून मोठी अशी अकरा हजारांपेक्षा अधिक तळी आहेत, आणि अ‍ॅल्युमाक्राफ्ट व क्रेस्टलायनर या दोन्ही बोट-कंपन्या १९४६ मध्ये इथेच सुरू झाल्या, त्यामुळे दुरुस्तीच्या कामाला कधीच तोटा नव्हता. ढिले झालेले रिव्हेट पुन्हा ठोकणे आणि तळाच्या चिरा वेल्डिंगने भरणे, एवढेच काम आमच्याकडे येई. मात्र काही हंगामांनंतर लक्षात येऊ लागले की चिरा कुठेही पडत नाहीत. त्या बहुधा तळाच्या मागच्या भागात, बंक जिथे संपतो त्याच्या आसपास पडतात, आणि भरलेली चीर एक-दोन वर्षांत जोडाच्या शेजारून पुन्हा उघडते. तळाला वापरला जाणारा, ५०५२ या मिश्रधातूचा पत्रा थंड अवस्थेत लाटून कणखर केलेला असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचा पट्टा पुन्हा मऊ पडतो. शिवाय पोलादाला जशी एक मर्यादा असते, जिच्याखालचे ताणाचे हेलकावे ते जवळजवळ अमर्याद सोसते, तशी मर्यादा अ‍ॅल्युमिनियमला नसते. लहान ताणही पुरेसे वेळा आला, तर त्याची चीर होतेच. म्हणजे भार चुकीच्या जागी येत असेल, तर वेल्डर कितीही कसबी असला तरी गिऱ्हाईक परत येणार. दुरुस्तीच्या धंद्याला ते सोयीचे असेलही, पण आम्हाला ते पटले नाही.

पाण्यात असताना बोटीच्या संपूर्ण तळाला खालून सारखा आधार मिळतो. ट्रेलरवर तेच सगळे वजन दोन अरुंद पट्ट्यांवर येते. इथे तळी सुमारे पाच महिने गोठलेली असतात आणि सामान्य घरातली बोट वर्षातला बहुतेक काळ ट्रेलरवरच पडून असते. तरीही विकत घेताना लोक इंजिन पाहतात, आसने पाहतात, मासे शोधण्याचे यंत्र पाहतात, पण ट्रेलरखाली वाकून कोणी पाहत नाही.

आमच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग बोटीची मागची भिंत, जिला इथे ट्रान्सम म्हणतात, तिच्या खालचा आहे. ११५ अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन साधारण १६० किलोंचे असते आणि ते याच भिंतीला टांगलेले असते. बॅटऱ्या आणि इंधनाची टाकीही बहुधा मागेच असते. बंक ट्रान्समच्या वीतभर आधी संपला, तर हा सारा भार आधाराबाहेर लोंबकळतो, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक पत्रा त्या टोकावरून वाकतो, आणि कालांतराने तळाला कायमचा बाक येतो. असा बाक आलेली बोट पाण्यात नाक खुपसून चालते व वेग घेत नाही, आणि मालक दोष इंजिनाला देत बसतो. म्हणून बंक ट्रान्समच्या कडेपर्यंत, किंबहुना अंगुळभर बाहेर, आलाच पाहिजे, यावर आम्ही अडून बसतो. आलेली प्रत्येक बोट आम्ही आधी सरळ पट्टीने तपासतो : पाच फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तळाला लांबीच्या दिशेने ट्रान्समपर्यंत लावायची आणि पलीकडून दिवा धरायचा. मधून प्रकाश कुठे दिसतो, यावरून त्या बोटीचा पूर्वेतिहास बराचसा कळतो.

आडव्या दिशेने बंक कुठे असावा, याला सरसकट उत्तर नाही. तळाच्या आत लांबीच्या दिशेने ज्या तुळया असतात, त्यांच्या खाली तो यावा, आणि तळाला बाहेरून असलेल्या उभट कंगोऱ्यांवर न चढता दोन कंगोऱ्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यावर बसावा, हे आमचे धोरण. तळाचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतार पुढे जाताना तीव्र होत जातो, त्यामुळे सरळ लाकूड मागे नीट टेकले तरी त्याचे पुढचे टोक पत्र्यात रुतू शकते. तिथला ब्रॅकेट, म्हणजे लाकूड पेलणारा फ्रेमवरचा आधार, थोडा उतरवावा लागतो. कण्याखालचे, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेखालचे, रबरी रोलर बोट ट्रेलरच्या मध्यावर आणण्यासाठी असतात. जुन्या रिव्हेटच्या, भक्कम कण्याच्या लहान बोटींत ते काही भार उचलू शकतात, परंतु वेल्डिंगच्या रुंद बोटींत रोलर नुसते टेकलेले असावेत. वजन बंकवरच हवे. हे सर्व रिकाम्या ट्रेलरवर मोजून जमत नाही, कारण भाराखाली फ्रेम खाली बसते. म्हणून इंजिन, बॅटऱ्या आणि भरलेली टाकी यांच्यासह बोट चढवून आम्ही जाड कागदाची पट्टी बंक आणि पत्रा यांच्यामध्ये सरकवून पाहतो. ती एके ठिकाणी सहज जाते आणि दुसरीकडे अडकते, तोपर्यंत ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा ढिले करावे लागतात.

लाकडाबाबत आमचे आग्रह काहींना जाचक वाटतात. बाजारात दोन बाय चार म्हणून मिळणारे लाकूड प्रत्यक्षात ३८ बाय ८९ मिलिमीटर असते. ते आडवे टाकण्याऐवजी उभे बसवले, तर सुमारे साडेपाच पट ताठ राहते, पण पत्र्याला टेकणारी रुंदी निम्म्याहून कमी होते. जड बोटींसाठी आम्ही दोन बाय सहाचे लाकूड आडवे टाकून खालचे ब्रॅकेट वाढवतो. याहून नाजूक प्रश्न रसायनाचा आहे. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून, ते कुजू नये म्हणून केली जाणारी आर्सेनिकयुक्त प्रक्रिया हद्दपार झाली आणि तिच्या जागी तांब्याचे प्रमाण जास्त असलेली प्रक्रिया आली. तांबे, बंकवर गुंडाळलेला ओला गालिचा आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की पत्रा पोखरला जातो. त्यामुळे आम्ही प्रक्रिया न केलेले सीडर किंवा डग्लस फर वापरतो आणि ते काही वर्षांनी कुजणार हे गृहीत धरतो. लाकूड बदलणे स्वस्त आहे. गालिच्याच्या पिनाही आम्ही वरच्या बाजूने मारत नाही, त्या बाजूला किंवा खाली मारतो.

बंक मागे वाढवले की अनेकदा बोटही पुढे-मागे सरकवावी लागते आणि मग ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या कडीवरचे वजन बदलते. ते एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास नसेल, तर ट्रेलर महामार्गावर डुलू लागतो, म्हणून गरज पडल्यास आम्ही ट्रेलरच्या चाकांचा आसच सरकवतो. उद्यमनगरात ट्रॉलीचा आस कुठे ठोकायचा यावर मिस्त्रींची जी भांडणे ऐकली होती, ती इथे उपयोगी पडली.

आज आमच्याकडे काम करणारे आम्ही चौघे आहोत. मिनियापोलिस आणि सेंट पॉल इथली मराठी कुटुंबेही आता जुन्या बोटी घेऊन येतात. बोट एका मालकाची आणि ट्रेलर दुसऱ्याचा, अशी जुळवाजुळव त्यांच्या खरेदीत सर्रास असते आणि अशा जोडीला सर्वाधिक वेळ लागतो. सर्व बंकवर गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या बसवा, अशी मागणी हल्ली फार होते. उताराच्या धक्क्यावर ट्रेलर पाण्यात शिरण्याआधीच विंचचा, म्हणजे बोट ओढून धरणाऱ्या चरकीचा, पट्टा सोडला, तर त्या प्लास्टिकवरून बोट सरळ काँक्रीटवर घसरते, हे गिऱ्हाइकाला समोर उभे करून दाखवल्यावाचून आम्ही त्या बसवत नाही. ऑक्टोबरपासून बोटी साठवणीसाठी येऊ लागतात, आणि बंकची मोजमापे आम्ही त्याच वेळी उरकतो, कारण एप्रिलमध्ये प्रत्येकाला आपली बोट कालच हवी असते.