बीसीएमवर खापर फोडण्याआधी कपलर काढून बघा

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या गॅरेजांत तक्रारी ठरलेल्या. वायपर थांबत नाही, सेंट्रल लॉक आपोआप पडतं, इंडिकेटर दिला की पार्किंग लाईट मिणमिणते. निदानही ठरलेलं: 'बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, लाईट-वायपर-लॉक सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) गेलं.' बऱ्याचदा ते ठणठणीत असतं, बिघडलेली असते अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) किंवा कपलरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधली) एखादी पिन.

आधी अर्थ तपासा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बीसीएमच्या अर्थ वायरला मागच्या बाजूने लावा, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. हेडलाईट, वायपर, मागची डीफॉगर सगळं चालू करा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर बॉडीवरचा अर्थचा नट सोडून, रंग खरवडून पुन्हा आवळा. लोड न देता नुसती कंटिन्युइटी (वायर जोडलेली आहे का हे सांगणारी मीटरची बीप) बघून उपयोग नाही. एका तारेवर तग धरलेली वायरही बीप देते.

मग कपलर. बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, लॉक दाबून सरळ ओढा. वायरी धरून ओढू नका. पिनेवर हिरवट थर असेल तर पाणी आलंय. ते वरूनच गळतं असं नाही. मागच्या दिव्याच्या होल्डरात शिरलेलं पाणी वायरच्या तारांमधून वातीसारखं चढत थेट बीसीएमपर्यंत येतं. काचेखालच्या जाळीत पानं अडकून निचरा तुंबला, की डॅशबोर्डखाली धार लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी सेकंडहँड घेत असाल तर हेच कपलर उघडा. सीट धुता येतात, कपलरच्या कोपऱ्यातला गाळ राहतो.

पॉलिश पेपर मारू नका, पिनेवरचा कथिलाचा मुलामा निघतो आणि महिन्याभरात गंज परत येतो. काँटॅक्ट क्लीनर मारा. खड्डे पडले असतील तर पिनच बदला. क्रिंपिंग प्लायरने दाबताना पुढचे पंख तांब्यावर, मागचे इन्शुलेशनवर बसले पाहिजेत. डाग (सोल्डर) दिलेली वायर डाग संपतो तिथे कडक होते आणि हादऱ्याने तुटते. मीटरची जाड सुई मादी पिनेत खुपसणारे तर नवीनच रोग लावतात: पिन फाकते, आणि गाडी खड्ड्यात गेली की लाईट जाते.

कॅनच्या, म्हणजे गाडीतले संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या पिळाच्या दोन वायरी वेगळ्या बघा. बॅटरी काढून ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर सुटलाय. दुरुस्तीत पीळ जास्त उलगडू नका.

जादा हॉर्न, फॉग लाईट बीसीएमच्या वायरीला थेट टोचू नका. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. त्याच्या पिनांवरच्या नंबरांप्रमाणे ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला लाईट, ८५ ला अर्थ, ८६ ला स्विचचा करंट.