सेतुन एम्युलेटर, तिसरा आठवडा: मायनसचा बग सापडला

मंडळी, पाच संध्याकाळी खाल्ल्या पण बग सापडला! माझ्या एम्युलेटरला (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम) 5 दिला की बरोबर, -5 दिला की कचरा, आणि मी उगाच बेरजेच्या कोडवर संशय घेत बसलो होतो.

नवीन लोकांसाठी पटकन, सेतुन म्हणजे मॉस्को युनिव्हर्सिटीत निकोलाय ब्रुसेन्त्सोव आणि त्यांच्या टीमने 1958 मध्ये चालू केलेलं कॉम्प्युटर मशीन, नाव युनिव्हर्सिटीजवळच्या नदीचं. यात बिट नाही, ट्रिट, म्हणजे प्रत्येक घरात -1, 0 किंवा 1. पुढे कझानच्या कारखान्यात साधारण 50 मशीन बनली आणि 1965 मध्ये उत्पादन थांबलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर बग असा. 3 ने भागून बाकी काढायची, बाकी 2 आली तर तिथे -1 लिहून वर हातचा एक द्यायचा, एवढंच मी लिहिलं होतं. पण सी (ज्या भाषेत मी कोड लिहितोय) मध्ये -5 ला 3 ने भागलं की बाकी येते -2, तिच्यासाठी कोडच नव्हता, त्यामुळे ट्रिटमध्ये सरळ -2 जाऊन बसत होता. आता -2 आली की 1 लिहितो आणि हातचा वजा करतो. वहीत करून बघितलं, 5 म्हणजे + − − (9−3−1) आणि -5 म्हणजे − + +. सगळी चिन्हं उलटी केली की झालं, वेगळा साइन बिट नको, टू'ज कॉम्प्लिमेंट (बायनरीत मायनस आकडे लिहायची पद्धत) नको, आणि हे स्क्रीनवर स्वतःच्या कोडमधून आलेलं बघताना काय भारी वाटलं सांगू!

राउंडिंग तर त्याहून भारी. + − − मधला शेवटचा ट्रिट नुसता कापला की उरतं + −, म्हणजे 2, आणि 5 भागिले 3 चा जवळचा पूर्णांक 2 च आहे. नुसतं कापलं तरी आपोआप जवळचाच आकडा मिळतो, मी राउंडिंगचं लिहून ठेवलेलं फंक्शनच उडवून टाकलं.

इन्स्ट्रक्शन डिकोडर (मशीनची कमांड वाचून तिचा अर्थ लावणारा कोड) अर्धा झालाय. 9 ट्रिटची कमांड, त्यात 5 पत्त्याचे, 3 ऑपरेशनचे (27 जागा, कमांड 24) आणि उरलेला एक इंडेक्स रजिस्टरसाठी (पत्ता सरकवायचा आकडा ठेवायची जागा), तो + असेल तर तो आकडा पत्त्यात मिळवायचा, − असेल तर वजा, 0 असेल तर हात नाही लावायचा. एका ट्रिटमध्ये तिन्ही कामं, याच्याइतकं नीटनेटकं डिझाइन मी तरी दुसऱ्या कुठल्या जुन्या मशीनमध्ये बघितलं नाही. मुख्य मेमरी 9 ट्रिटच्या फक्त 162 जागा, बाकी सगळं मॅग्नेटिक ड्रमवर (चुंबकीय पृष्ठभागाचा फिरता सिलिंडर), त्यामुळे पानं (मेमरीचे तुकडे) आत-बाहेर करायचा कोड लिहिल्याशिवाय मोठा प्रोग्राम चालणार नाही.

या रविवारी ड्रमला हात घालतोय. सेतुन झालं की मिन्स्क-2 हा सोव्हिएत कॉम्प्युटर करायचं डोक्यात आहे, ते आपल्या पवईच्या आयआयटीत होतं ना, कुणाच्या घरात त्यावर काम केलेलं माणूस असेल तर प्लीज त्यांच्याकडून आठवणी लिहून घ्या.