रांगेतली चौथी गाडी

‘वाहतूक अभियांत्रिकीचे प्राध्यापक नेमकं करतात काय?’ शेवटच्या वर्षाची मुलं हे विचारतात, त्यांचे पालक विचारतात. सिग्नलला अडकलेले लोक जरा वेगळ्या सुरात विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शिकवणं हा कामाचा दिसणारा भाग. उरलेला बराचसा वेळ मोजण्यात जातो, आणि त्याहून जास्त वेळ मोजलेलं बरोबर आहे का ते तपासण्यात.

सिग्नलचंच घ्या. हिरवा असताना एका लेनमधून गाड्या अखंड सुटत राहिल्या तर तासाला किती सुटतील, या आकड्याला सॅच्युरेशन फ्लो म्हणतात. चौकाचं सगळं गणित त्याच्यावर उभं असतं, आणि तो मोजायला स्टॉपवॉच पुरतं. हिरवा लागला की पहिल्या चार गाड्या जाऊ द्यायच्या, कारण भानावर येऊन गाडीला वेग देण्यात चालकांचा जो वेळ जातो तो या हिशेबात नको. चौथ्या गाडीनं थांबरेषा ओलांडली की घड्याळ सुरू. हिरवा लागला तेव्हा रांगेत शेवटची उभी असलेली गाडी रेषेपार गेली की बंद. ती दहावी असेल आणि १२ सेकंद लागले असतील, तर सहा गाड्यांना १२, म्हणजे गाडीमागे २ सेकंद. ३६०० भागिले २, तासाला १८००. आठाहून जास्त गाड्यांची रांग असलेल्या निदान १५ फेऱ्या (फेरी म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचं चक्र) अशा मोजायच्या आणि सरासरी काढायची.

चूक कुठे होते? रांग हलल्यावर मागून धावत आलेली गाडीही विद्यार्थी रांगेतच धरतात. तिच्यापुढे मोकळी जागा असते, त्यामुळे सरासरी २ ऐवजी २.४ सेकंद येते आणि १८०० चे १५०० होतात. कधी चौथी गाडी पुढच्या चाकाला धरलेली असते आणि शेवटची मागच्या. शेवटी ट्रक आला की संपलंच.

एवढ्याशा फरकानं काय होतं ते बघा. सिग्नलची फेरी किती सेकंदांची असावी, यासाठी ब्रिटनमध्ये एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली दिलेलं सूत्र आजही पहिल्याच तासाला शिकवलं जातं: फेरीत वाया जाणाऱ्या वेळेची (दिवे बदलताना गाड्या नीट सुटत नाहीत त्या) दीडपट, अधिक ५, आणि त्याला १ वजा वाय या संख्येनं भागायचं. वाय म्हणजे प्रत्येक फेजमधल्या (फेज म्हणजे ठरावीक दिशांना एकत्र हिरवा मिळतो तो टप्पा) सगळ्यात भरलेल्या लेनची वाहनसंख्या भागिले सॅच्युरेशन फ्लो, अशांची बेरीज. दोन फेज, ताशी ६३० आणि ५४० गाड्या, वाया जाणारा वेळ ८ सेकंद. १८०० धरले तर वाय ०.६५ आणि फेरी ४९ सेकंदांची. १५०० धरले तर वाय ०.७८, फेरी ७७ सेकंदांची. गाड्या तेवढ्याच, चौक तोच, आणि लोक मात्र विनाकारण लाल दिव्याकडे बघत बसतात.

दुसरी चूक जास्त फसवी. थांबरेषेवर मोजल्या जातात त्या सुटलेल्या गाड्या. येऊ पाहणाऱ्या नव्हेत. तासाच्या सुरुवातीला १० गाड्यांची रांग होती, शेवटी ७० ची झाली आणि मधे ६३० सुटल्या, तर मागणी ६९० ची. हे विसरलं की कोंडलेला चौक कागदावर ठीकठाक दिसतो.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर रस्त्यांच्या मॉडेलमधून गाड्या चालवून बघतो तेव्हा, तोच सापळा वेष बदलून येतो. मॉडेलमधलं रस्त्यांचं नेटवर्क भरलं की नव्या गाड्या आत शिरू शकत नाहीत, बाहेरच ताटकळतात; त्यांचा खोळंबा हिशेबात घेतला नाही तर निकाल सुंदर येतो. माझा पहिला प्रश्न म्हणूनच ठरलेला असतो: बाहेर किती राहिल्या? दुसरा, प्रत्यक्ष रांगेची लांबी मॉडेलशी ताडून पाहिली का? ॲनिमेशन नंतर दाखवा.

रस्त्याच्या थरांवर काम करणाऱ्यांचं जग वेगळं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचणी झाली. ॲक्सलवरचा भार दुप्पट केला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, हा ठोकताळा तिथून आला. वाहतूक नियोजन, सुरक्षा, सार्वजनिक वाहतूक या आणखी शाखा. शाखा कुठलीही घ्या, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग सुटत नाही.

नोकरीची शिडी सगळ्या शाखांत सारखीच: पीएच.डी., मग असिस्टंट, असोसिएट, प्रोफेसर. वर चढावं तसे निधीचे प्रस्ताव आणि समित्या वाढतात, रस्त्यावर उभं राहणं कमी होतं. मला हे घातक वाटतं. डेटा कसा गोळा झाला हे न पाहिलेला मार्गदर्शक आलेख बघून मान डोलावतो. पीएच.डी.चा विषय निवडतानाही मी आधी डेटा विचारतो. तो हाती येईल याची खात्री नसेल, तर विषय कितीही देखणा असो, दोन वर्षं परवानग्यांत जातात.

या वाटेला यावं का, हे ठरवायचं असेल तर अर्ज करण्याआधी एक करा. मित्राला घेऊन चौकात सुरक्षित जागी दोन तास उभे राहा, एकच लेन दोघांनी वेगवेगळी मोजा आणि मोबाइलवर चित्रीकरणही करा. दोघांचे आकडे बहुधा जुळणार नाहीत. घरी येऊन व्हिडिओ लावा आणि कुठली गाडी कुणी सोडली ते शोधत बसा. कंटाळा किती वेळानं येतो, ते तेवढं बघा.